पुड्यावरचं फुकट, पुड्यातलं फुकट

वाण्याच्या दुकानात फुकट वस्तू दोन जागी सापडते. एक पुड्याला बाहेरून चिकटपट्टीनं बांधलेली असते. चहाच्या पाकिटाला स्टीलचा चमचा, धुण्याच्या पावडरीच्या मोठ्या पिशवीबरोबर बादली, टूथपेस्टच्या खोक्याला ब्रश. दुसरी पुड्याच्या आत असते आणि ती नेमकी कोणती, हे पुडा फोडल्याशिवाय कळत नाही. दोन्हींवर ‘मोफत’ हा शब्द सारख्याच ठसठशीत अक्षरांत छापलेला असतो, त्यामुळे दोन्ही एकाच जातीच्या वाटतात. पण त्यांच्यामागचा हिशेब वेगळा आहे. बाहेरची वस्तू गिऱ्हाइकाचं मन एकदा वळवते. आतली वस्तू त्याला पुन्हा पुन्हा दुकानाची पायरी चढायला लावते.

आधी बाहेरची. विल्यम रिग्ली (धाकटा) १८९१ साली फिलाडेल्फियाहून शिकागोला आला तेव्हा त्याच्या खिशात ३२ डॉलर होते आणि विकायला वडिलांच्या कारखान्यातला साबण. साबण खपावा म्हणून त्यानं सोबत बेकिंग पावडर फुकट द्यायला सुरुवात केली. लोकांना साबणापेक्षा पावडरच आवडली. मग त्यानं साबण बाजूला ठेवून पावडरच विकायला घेतली आणि १८९२ मध्ये तिच्या प्रत्येक डब्याबरोबर च्युइंग गमच्या दोन पुड्या फुकट ठेवल्या. पुन्हा तेच घडलं. पावडर राहिली बाजूला, गिऱ्हाईक गम मागू लागलं. १८९३ मध्ये ‘ज्यूसी फ्रूट’ आणि ‘स्पिअरमिंट’ बाजारात आले आणि रिग्ली हे नाव जगभर गमशी जोडलं गेलं. नाकापेक्षा मोती जड झाला, तर रिग्लीनं दोन्ही वेळा मुकाट्यानं मोतीच विकायला काढला. बाजाराची पाहणी याहून स्वस्तात क्वचितच कुणी केली असेल.

आपल्याकडे बाहेरच्या फुकट वस्तूची जुनी रूपं बहुतेक कागदाची होती. मँचेस्टरच्या गिरण्यांच्या कापडाच्या ताग्यावर देवादिकांची रंगीत लेबलं चिकटवलेली असत. कापड शिवून, वापरून, फाटून जाई, पण लक्ष्मीचं किंवा कृष्णाचं लेबल काही घरांत चौकटीत बसून भिंतीवर जाई. याच काळात, १८९४ साली, मुंबईत राजा रविवर्मांचा शिळाछापखाना सुरू झाला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. देवघरातल्या चित्रांबरोबरच मालाची लेबलं आणि जाहिरातीची चित्रं हेही अशा छापखान्यांचं नेहमीचं काम होतं. साबण आणि बाळगुटीसारख्या औषधांच्या कंपन्या दुकानदारांमार्फत कॅलेंडरं वाटू लागल्या, त्यांवरही बाळकृष्णच असे. यात कंपनीचा हिशेब सरळ होता. कॅलेंडर वर्षभर भिंतीवर राहणार, आणि देवाचं चित्र असलं तर वर्ष उलटल्यावरही ते कुणी रद्दीत टाकणार नाही.

किराणा दुकानात या बाहेरच्या वस्तूंची एक वेगळीच गंमत असते. ‘स्कीमचा माल’ गोदामात येतो तेव्हा चमचे, वाट्या, डबे पुड्याबरोबर असतात. गिऱ्हाइकाच्या हातात पुडा पडतो तेव्हा ते असतातच असं नाही. काही दुकानदार वस्तू काढून वेगळी विकतात, काही ती नेहमीच्या, उधारी वेळेवर चुकवणाऱ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवतात. मग कंपन्यांनी वस्तू पुड्याला प्लॅस्टिकच्या आवरणात घट्ट गुंडाळायला सुरुवात केली, किंवा पुड्यावरच ‘यासोबत अमुक मोफत, मागून घ्या’ असं छापलं. जवळून पाहिलं तर अशा पुड्याच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी मजकूर सापडतो. ‘योजना स्टॉक संपेपर्यंत’, ‘योजनेविना पॅकही उपलब्ध’, ‘चित्रात दाखवलेली वस्तू प्रत्यक्ष वस्तूपेक्षा वेगळी असू शकते’. पुढची बाजू जाहिरात विभागानं लिहिलेली असते, कडेची बाजू वकिलानं.

तरीही बाहेरची वस्तू एका अर्थी प्रामाणिक आहे. ती दिसते, हातात घेऊन चाचपता येते, हलक्या पत्र्याची बादली आहे की जाड प्लॅस्टिकची हे तिथल्या तिथं ठरवता येतं. पटलं तर घ्या, नाही तर शेजारचा पुडा आहेच. आणि ती खरोखर फुकट आहे का, याचा निवाडा तर सरकारी करखात्यानंच करून टाकला आहे. जीएसटीमध्ये फुकट वाटलेल्या वस्तूंवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे ‘एकावर एक मोफत’ योजनांचं काय, असा प्रश्न उभा राहिला. ७ मार्च २०१९ च्या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं खुलासा केला की अशा योजनेत दुसरी वस्तू फुकट दिलेली नसतेच, एका किमतीत दोन वस्तू विकलेल्या असतात. म्हणून वजावट मिळेल. कंपन्यांनी हे स्पष्टीकरण आनंदानं स्वीकारलं. पुड्यावरचा ‘मोफत’ शब्द मात्र तसाच राहिला.

आतल्या वस्तूची गोष्ट इथून फार वेगळ्या दिशेनं जाते.

अमेरिकेत ‘क्रॅकर जॅक’ नावाचा मक्याच्या लाह्या, शेंगदाणे आणि काकवी यांचा खाऊ १८९० च्या दशकापासून विकला जात होता. आधी खोक्यात कूपन असायचं, ते साठवून वस्तू मागवायची. १९१२ पासून प्रत्येक खोक्यातच एक छोटी वस्तू येऊ लागली: शिट्टी, भोवरा, कथलाचा प्राणी, चित्रांचं चिमुकलं पुस्तक. जपानमध्ये १९२० च्या दशकात ओसाकाच्या ग्लिको कंपनीनं कॅरॅमलच्या गोळ्यांबरोबर चिमुकली खेळणी द्यायला सुरुवात केली. भारतात ज्यांचं बालपण १९६० आणि ७० च्या दशकांत गेलं, त्यांना बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातले बोटाच्या पेराएवढे प्लॅस्टिकचे प्राणी आठवतील. रेडिओ सिलोनवर अमीन सायानींच्या आवाजात जी ‘बिनाका गीतमाला’ लागायची, तीच ही बिनाका. टूथपेस्ट पांढरी, चव सगळ्यांच्यात थोडीफार सारखी. घरात कुठली यायची हे हत्ती आणि जिराफ ठरवत.

इथं एक बारीक बदल झालेला आहे. चमच्यासाठी चहा निवडणारी बाई स्वतःच्या पैशानं स्वतःच्या घरासाठी निवडते. बिनाकाच्या हत्तीच्या बाबतीत निवडणारा एक आणि पैसे देणारा दुसरा. ज्याला किंमत माहीत नाही, महिन्याचं वाणसामान म्हणजे काय हे माहीत नाही, त्याच्याकडे निवड सोपवली की हिशेबाचा अडसर आपोआप दूर होतो. १९८० च्या दशकात गोल्ड स्पॉटच्या बाटल्यांच्या बिल्ल्यांखाली ‘जंगल बुक’मधली पात्रं आली आणि पोरं बिल्ल्याचं अस्तर नखानं खरवडून काढू लागली. २००० च्या आसपास वेफर्सच्या पुड्यांतून गोल चकत्या निघू लागल्या, टाझो म्हणून. त्यांची शाळेच्या मधल्या सुट्टीत रीतसर देवघेव चाले.

देवघेव हा शब्द इथं महत्त्वाचा आहे, कारण त्याच्यामागे गणित आहे. समजा, एका मालिकेत ५० चित्रं आहेत, प्रत्येक पुड्यात एक, आणि कंपनीनं सगळी सारख्याच संख्येनं छापली आहेत. पूर्ण संच जमायला किती पुडे घ्यावे लागतील? पन्नास, असं चटकन वाटतं. संभाव्यताशास्त्राचं उत्तर सरासरी २२५ आहे. कारण सुरुवातीला प्रत्येक पुड्यात नवं चित्र निघतं, पुढे जुनीच पुन्हा पुन्हा येऊ लागतात. पहिली २५ चित्रं सरासरी ३४ पुड्यांत मिळतात. उरलेल्या पंचविसांसाठी जवळजवळ १९० पुडे लागतात, आणि एकट्या शेवटच्या चित्रासाठी सरासरी ५०. दहा रुपयांचा पुडा धरला तर संचाची किंमत सव्वादोन हजार. ज्या मुलाकडे ४९ चित्रं आहेत त्याच्यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कंपनीला दुसरं मिळणार नाही. त्याचं काम ‘जवळजवळ झालेलं’ असतं, आणि तरी सरासरीनं त्याचे पन्नास पुडे बाकी असतात.

मधल्या सुट्टीतला सौदा कंपनीच्या या गणिताला सुरुंग लावतो. पाच मुलांनी दुबार आलेली चित्रं एकमेकांत बदलून घेतली की प्रत्येकाचे पुडे झपाट्यानं कमी होतात. कंपन्यांना याचं दुःख होतं असं समजण्याचं कारण नाही. देवघेव जितकी जोरात, तितकी ज्यांनी अजून पुडा घेतलेला नाही अशी मुलं त्यात ओढली जातात. आणि काही चित्रं मुद्दाम कमी छापण्याचा उपाय तर हाताशी असतोच.

या टोकाला हा धंदा गेला की काय होतं, ते जपाननं पाहिलं. कॅल्बी कंपनीनं १९७१ मध्ये ‘कामेन रायडर’ या टीव्हीवरच्या लोकप्रिय मालिकेची कार्डं आपल्या खाऊबरोबर द्यायला सुरुवात केली. पुड्याची किंमत २० येन. मुलं पुडा घेत, कार्ड काढून घेत आणि खाऊ तिथंच फेकून देत. गटारांत, बागांत, रस्त्याच्या कडेला खाऊचे पुडे सापडू लागले आणि वर्तमानपत्रांतून ओरड झाली. सुमारे पंधरा वर्षांनी लोट्टे कंपनीच्या ‘बिक्कुरीमान’ चॉकलेटांतल्या स्टिकरांनी हीच गोष्ट पुन्हा घडवली. दुर्मीळ स्टिकरसाठी चॉकलेटं कचऱ्यात गेली, आणि १९८८ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाला त्यात लक्ष घालावं लागलं. माल फेकून वेष्टन ठेवायचं हा प्रकार ऐकायला विनोदी वाटतो. पण मुलं मूर्खपणा करत नव्हती. आपण काय विकत घेतोय हे त्यांना कंपनीपेक्षा जास्त स्पष्टपणे कळलं होतं.

जपानात यासाठी १९६२ पासून कायदाच आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या भेटवस्तूची किंमत किती असावी, याला मर्यादा आहे: हजार येनपेक्षा कमी खरेदीवर २०० येन, त्यावरच्या खरेदीवर किमतीच्या एक पंचमांश. त्यामागचा विचार सोपा आहे. भेट मालाहून जड झाली की कंपन्या मालाच्या दर्जात स्पर्धा करायचं सोडून देतात.

स्वस्त वस्तू मोठी भासवण्याची कमाल मात्र अमेरिकेतल्या क्वेकर ओट्सनं केली. १९५५ मध्ये सार्जंट प्रेस्टन या कॅनडाच्या उत्तरेतल्या पोलिसाच्या मालिकेची ही कंपनी प्रायोजक होती. तिनं युकॉन प्रदेशात डॉसनजवळ १९ एकरांची जमीन अवघ्या हजार डॉलरना घेतली आणि धान्याच्या खोक्यांतून प्रत्येकी एक चौरस इंच जमिनीची खरेदीखतं वाटली. क्रमांक, नक्षीदार कडा, कायदेशीर भाषा, सगळं साग्रसंगीत. दोन कोटी दहा लाख खतं छापली गेली आणि खोकी हातोहात खपली. या खतांची सरकारदरबारी कधी नोंदच झाली नाही. पुढे जमिनीवरचा ३७ डॉलर २० सेंट कर थकला आणि १९६५ मध्ये कॅनडा सरकारनं ती जमीन ताब्यात घेतली. ज्यांनी खतं जपून ठेवली होती, त्यांची ‘आमची जमीन कुठे आहे’ अशी पत्रं त्यानंतरही कित्येक वर्षं येत राहिली.

‘कॅप्टन क्रंच’ नावाच्या त्याच कंपनीच्या न्याहारीच्या खोक्यातल्या शिट्टीनं तर भलताच उद्योग केला. तिचं एक भोक बंद केलं की ती बरोबर २६०० हर्ट्‌झचा सूर काढी, आणि अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारा मोकळ्या आहेत हे यंत्रणेला सांगणारा सूर नेमका तोच होता. शिट्टी फुंकून फुकट फोन करता येतो हे काही उपद्व्यापी तरुणांच्या लक्षात आलं, त्यांतल्या जॉन ड्रेपरला तर पुढे ‘कॅप्टन क्रंच’ हेच नाव पडलं. १९७१ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात या मंडळींवर लेख आला. तो वाचून स्टीव्ह वॉझ्नियाक आणि स्टीव्ह जॉब्स यांनी तसा सूर काढणारी पेटी बनवून विकली. अ‍ॅपल कंपनी त्यानंतरची.

बक्षीस जेव्हा खेळण्याऐवजी पैशाचं होतं, तेव्हा गंमत संपते. फिलिपिन्समध्ये १९९२ साली पेप्सीनं बाटल्यांच्या बिल्ल्यांखाली तीन आकडी क्रमांक छापले. रोज रात्री टीव्हीवर एक क्रमांक जाहीर व्हायचा आणि तो ज्याच्या बिल्ल्यावर असेल त्याला बक्षीस. सर्वांत मोठं दहा लाख पेसोंचं. साध्या कामगाराला आयुष्यभरात साठवता येणार नाही एवढी ती रक्कम. २५ मे रोजी ३४९ हा क्रमांक जाहीर झाला. कंपनीच्या हिशेबानं दहा लाखांचे विजेते बिल्ले दोनच असायला हवे होते. प्रत्यक्षात छपाईतल्या चुकीमुळे ३४९ क्रमांकाचे सुमारे आठ लाख बिल्ले बाजारात होते. त्यांवर खऱ्या विजेत्या बिल्ल्यावरचा गुप्त संकेत नाही, असं कंपनीनं सांगितलं. पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या बिल्ल्यावर ३४९ स्पष्ट दिसत होतं. कंपनीनं प्रत्येकी ५०० पेसो देऊ केले आणि ४,८६,१७० जणांनी ते घेतले. बाकीच्यांनी मोर्चे काढले, मालमोटारी जाळल्या, हजारोंनी खटले भरले. १९९३ मध्ये मनिलात फेकलेल्या हातबॉम्बमुळे एक शिक्षिका आणि एक लहान मूल मरण पावलं. न्यायालयीन लढा २००६ पर्यंत चालला आणि सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला जबाबदार धरलं नाही.

या प्रकरणात लक्षात राहण्यासारखी गोष्ट चुकीची नाही, चूक झाली नसती तेव्हाची आहे. योजना ठरल्याप्रमाणे पार पडली असती तर लाखो कुटुंबांनी महिनोन्‌महिने जास्त बाटल्या घेऊन रोज रात्री टीव्हीसमोर आशेनं बसायचं आणि मोठं बक्षीस मोजक्या हातांत जायचं, हेच तिचं यश ठरलं असतं.

भारतात ‘ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ’ ही ब्रिटानियाची १९९९ च्या विश्वचषकावेळची योजना बऱ्याच घरांत आठवते. बिस्किटांच्या वेष्टनावर धावा छापलेल्या, शंभर जमल्या की दुकानदाराकडून एक पुस्तिका मिळायची आणि त्यात नशीब अजमावायचं. दुकानदारच पंच. आपल्याकडच्या कायद्यानं अशा योजनांची दखल १९८४ मध्ये घेतली. मक्तेदारी कायद्यात तेव्हा ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे कलम आलं आणि तेच पुढे ग्राहक संरक्षण कायद्यात उतरलं. २०१९ च्या कायद्यातही ते आहे. भेटवस्तू जाहीर करून न देणं, किंवा तिची किंमत मालातच धरलेली असताना ती फुकट असल्याचं भासवणं, हे अनुचित. विक्री वाढवण्यासाठी सोडत काढणं अनुचित. निकाल योजनेत भाग घेणाऱ्यांपासून दडवणं हेही अनुचित. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या मार्गदर्शक सूचनांत, गरज नसताना मुलांना खरेदी करायला लावणाऱ्या भेटवस्तूंच्या जाहिरातींना आळा घालावा, असंही म्हटलं आहे. शब्द चांगले आहेत. दहा रुपयांच्या पुड्यासाठी ग्राहक आयोगाची पायरी कोण चढणार, एवढाच प्रश्न आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीत कायदे जास्त कडक आहेत, कारण तिथं मुलांचा जीव जातो. अमेरिकेत १९३८ च्या कायद्यानं मिठाईच्या आत न खाण्याची वस्तू घालायला बंदी आहे, म्हणून १९७४ मध्ये इटलीत जन्मलेलं ‘किंडर सरप्राइज’ हे चॉकलेटचं अंडं तिथं कधीच विकता आलं नाही. प्रवाशांच्या सामानातली अंडी सीमेवर जप्त व्हायची. त्यावरचा तोडगा म्हणजे ‘किंडर जॉय’. अंडं मधोमध दुभागलेलं, एका अर्ध्यात क्रीम आणि चमचा, दुसऱ्या अर्ध्यात खेळणं, दोन्ही वेगवेगळी सीलबंद. चॉकलेटचं कवचच नसल्यामुळे ते उन्हाळ्यातही टपरीवर टिकतं, आणि भारतात ते चांगलंच रुजलं. फेरेरो कंपनीचा कारखाना पुणे जिल्ह्यात बारामतीला आहे. अमेरिकेनं या दुभागलेल्या अंड्याला २०१७ च्या अखेरीस दार उघडलं. चिलीनं उलटा रस्ता धरला: साखर-मीठ-चरबी जास्त असलेल्या खाद्यपदार्थांबरोबर खेळणी द्यायलाच २०१६ पासून बंदी. तीन वर्षांखालच्या मुलासाठी खेळणं किती लहान असू नये, याची चाचणी मात्र सगळीकडे जवळपास सारखी आहे. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात ते पूर्ण मावलं, तर ते गिळलं जाऊन घशात अडकू शकतं. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं आहे. ते खेळण्यावर किंवा वेष्टनावर आहे का, हे पाहायला पाच सेकंद पुरतात.

अलीकडे खोक्यातली वस्तूच नाहीशी होऊ लागली आहे. क्रॅकर जॅकनं २०१६ मध्ये शतकभराची खेळणी बंद करून त्याजागी मोबाइलवर उघडायचा संकेत छापला, आणि जुनी गिऱ्हाइकं हळहळली. भारतात शीतपेयाच्या झाकणाखाली किंवा वेफर्सच्या पुड्याच्या आतल्या बाजूला कोड असतो. तो मोबाइल क्रमांकासह पाठवला की पाच-दहा रुपये थेट यूपीआयनं खात्यात. कंपनीला प्लॅस्टिकचा हत्ती बनवायला, पुड्यात भरायला, दुकानदारानं काढून घेऊ नये म्हणून चिकटवायला लागत नाही. बिनाकाच्या काळात हत्ती कोणत्या घरी गेला हे कंपनीला कधी कळत नसे. आता पुडा कुठल्या तारखेला, कुठल्या भागात, कुणाच्या हातात फुटला हे त्याच संध्याकाळी कळतं, आणि पुढच्या आठवड्यात नव्या चवीच्या वेफर्सचा संदेश त्याच नंबरवर येतो.